गाडी तिथे, मालक इथे

लेस्टरमध्ये राहणारं एक निवृत्त जोडपं डोळ्यांसमोर आणा. स्पेनच्या किनाऱ्यावर, आलिकान्तेच्या आसपास त्यांनी छोटा फ्लॅट घेतला. घरची जुनी गाडी एकदा फ्रान्समार्गे चालवत नेली आणि तिथल्याच पार्किंगमध्ये ठेवून दिली. आता वर्षातून तीन-चारदा विमानाने जायचं, गाडीवरचं कव्हर काढायचं, बॅटरी चार्ज करायची आणि भाड्याच्या गाडीचे पैसे वाचले म्हणून खूश व्हायचं. गाडी स्वतःची, कागद स्वतःच्या नावावर, विम्याचा हप्ता दरवर्षी खात्यातून जातोय. मग यात चुकलं कुठे?

बऱ्याच ठिकाणी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करावी लागते आणि ती ब्रिटनमध्येच होते. स्पेनमध्ये आयटीव्ही नावाची तशीच तपासणी आहे, पण ती पास केल्याने ब्रिटिश कागद ताजे होत नाहीत. एमओटी संपली की रस्ताकर भरता येत नाही. ब्रिटिश परिवहन खात्याकडे, म्हणजे डीव्हीएलएकडे, ‘गाडी रस्त्यावर नाही’ असं जाहीर करून कर टाळायची सोय आहे, पण ती ब्रिटनच्या हद्दीत उभ्या असलेल्या गाड्यांसाठी. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी बाहेर राहणार असेल, तर ती कायमची निर्यात समजली जाते आणि नोंदणीपत्रातला त्यासाठीचा भाग भरून पाठवावा लागतो. तो पाठवला की ब्रिटिश नोंदणी संपली. तोवर स्पॅनिश नंबर मिळाला नसेल, तर गाडी कुठल्याच देशाची उरत नाही.

स्पेनच्या बाजूनेही घड्याळ चालूच असतं. परदेशी नंबरची खासगी गाडी कर न भरता तात्पुरती आणता येते ती सहा महिन्यांसाठी. ब्रिटन युरोपीय संघात होता तेव्हाही ही मर्यादा होतीच, पण सीमेवर कुणी तारीख लिहून घेत नसे आणि त्यामुळे ती कागदावरच राहिली. २०२१ पासून ब्रिटिश गाडी ही संघाबाहेरची गाडी झाली. आता मुदत ओलांडली तर प्रश्न नुसत्या नंबरप्लेटचा राहत नाही, सीमाशुल्क आणि व्हॅटही त्यात येतात. शिवाय शेजारच्या स्पॅनिश कुटुंबाला ‘अधूनमधून एक चक्कर मारत जा’ म्हणून किल्ली देऊन ठेवायची, हा तर सगळ्यांचाच रिवाज. कायद्याने तात्पुरती आणलेली गाडी, मालक देशात नसताना, तिथल्या रहिवाशाला वापरायला देता येत नाही. बॅटरी जिवंत ठेवण्याच्या भानगडीत सवलत मरते.

या सगळ्या गुंत्यात एक धागा आहे आणि तो सापडला की बाकीचं बरंच सुटतं. गाडीची नोंदणी माणसाच्या राहण्यामागे जाते आणि विमा नंबरप्लेटमागे जातो. मालकाचं नागरिकत्व कुठलं, गाडी कुठे विकत घेतली, पैसे कुठल्या बँकेतून गेले, याला जवळपास अर्थ नाही. माणूस, प्लेट आणि गाडी ही तीन जोवर एका देशात आहेत तोवर आपल्याला हे कळतही नाही. त्यातलं एक जरी सरकलं, तरी उरलेल्या दोघांचे कागद मुदतीवर चालू लागतात.

‘राहणं’ म्हणजे काय, हे युरोपीय समुदायाने १९८३ च्या एका निर्देशात नीट लिहून ठेवलं आहे. कॅलेंडर वर्षात किमान १८५ दिवस, घरच्या आणि कामाच्या संबंधांमुळे, माणूस जिथे असतो ते त्याचं नेहमीचं निवासस्थान. हे दोन संबंध दोन देशांत असले तर घरच्या संबंधांचं पारडं जड, अट एवढीच की माणूस घरी नियमित परतत असला पाहिजे. म्हणजे आयंडहोवनला बायकामुलं ठेवून सोमवार ते शुक्रवार म्युनिकला नोकरी करणारा एखादा मराठी इंजिनीअर कायद्याच्या नजरेत नेदरलँड्सचाच रहिवासी आणि त्याची डच नंबरची गाडी म्युनिकमध्ये दिसली तर बिघडत नाही. तोच गृहस्थ बिऱ्हाडासकट जर्मनीत गेला की डच प्लेट जर्मन नंबरने बदलायला हवी. दुसऱ्या देशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने मात्र केवळ शिक्षणासाठी तिथे राहिल्याने निवास बदलला असं मानत नाहीत. ही व्याख्या मला फार शहाणपणाची वाटते. अडचण एवढीच की ती सिद्ध करायची जबाबदारी रस्त्याच्या कडेला थांबवलेल्या माणसावर येते आणि त्या वेळी त्याच्या खिशात ना घरभाड्याचा करार असतो, ना मुलांच्या शाळेची पावती.

आता विमा. याची गोष्ट मुळापासून सांगायला हवी, कारण इथे युरोपने खरोखर काहीतरी उभं केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक पुन्हा गाड्या घेऊन सीमा ओलांडू लागले तेव्हा प्रत्येक देशाच्या नाक्यावर नवा विमा विकत घ्यावा लागे. १९४९ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने एक शिफारस केली आणि १९५३ पासून तिच्यावर आधारलेली ग्रीन कार्डाची पद्धत सुरू झाली. कल्पना साधी होती. प्रत्येक देशातल्या विमा कंपन्यांनी मिळून एक ब्युरो काढायचा. बेल्जियमची गाडी इटलीत कुणाला धडकली, तर जखमी माणसाला इटलीचा ब्युरो इटलीच्या कायद्याप्रमाणे भरपाई देणार आणि मग ती रक्कम बेल्जियमकडून वसूल करणार. धडक खाल्लेल्या माणसाला परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या कंपनीचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यासाठी ही सारी खटपट. आज या व्यवस्थेत चाळीसहून जास्त देश आहेत आणि त्यात मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान, इराण अशी नावंही आहेत. भारत नाही. कार्ड हिरव्या कागदावर असण्याचा आग्रहही २०२० पासून सुटला आहे. साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं ‘ग्रीन कार्ड’ चालतं.

खरी उडी १९७२ ची. त्या वर्षीच्या निर्देशाने समुदायातल्या देशांनी एकमेकांच्या गाड्यांचा विमा सीमेवर तपासणं बंद केलं. त्यासाठी एक धाडसी गृहीतक धरलं: ज्या देशाची नंबरप्लेट, त्या देशाची गाडी आणि त्या देशाच्या ब्युरोवर तिची जबाबदारी. प्लेट हाच विम्याचा पुरावा झाला. पुढे विमा व्यवसायाच्या नियमांतही हेच तत्त्व आलं आणि गाडीची जोखीम नोंदणीच्या देशातली मानली जाऊ लागली. म्हणूनच आलिकान्तेचा विमा एजंट ब्रिटिश नंबरची गाडी पाहून मान हलवतो. तो अडेलतट्टूपणा करतोय असं वाटतं, पण त्याच्या कंपनीने स्पेनमधली जोखीम घ्यायची असते आणि ती गाडी कागदोपत्री स्पेनमध्ये नसतेच.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश गाड्यांना काही महिने पुन्हा ग्रीन कार्ड दाखवावं लागलं. २ ऑगस्ट २०२१ पासून ती सक्ती गेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरपासून गाडीच्या मागे ‘जीबी’ऐवजी ‘यूके’ हा स्टिकर आला आणि आधीचे स्टिकर निरुपयोगी ठरले. वर्तमानपत्रांत स्टिकरवरच जास्त छापून आलं. मालकांसाठी महत्त्वाची गोष्ट पॉलिसीच्या आतल्या पानांवर होती.

कारण विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावे लागतात. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपण ज्याला सर्रास ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्यात आपल्या गाडीचं नुकसान आणि चोरीही येते. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार संघात नोंदलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा एकाच हप्त्यात साऱ्या संघभर आणि पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत लागू असतो. गाडी दुसऱ्या सदस्य देशात किती दिवस राहिली म्हणून तो कापता येत नाही. फुल इन्शुरन्सला हे संरक्षण नाही. तिथे कंपनी ‘परदेशात सलग इतकेच दिवस’ अशी अट घालू शकते आणि सहसा घालतेच. ब्रिटिश पॉलिस्यांमध्ये तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मर्यादा नेहमी दिसते. आपल्या लेस्टरच्या जोडप्याची गाडी शंभराव्या दिवशी पार्किंगमधून चोरीला गेली, तर हप्ता वेळेवर भरूनही हाती काही पडणार नाही. त्यात भर म्हणजे ‘गाडी रात्री कुठे उभी असते’ या प्रश्नाला प्रस्तावात घरचा पत्ता लिहिलेला असतो. ती माहिती खोटी ठरली की कंपनीच्या हातात दावा नाकारायला आयतं कारण येतं.

‘पण आम्ही चालवतच नाही, नुसती उभी आहे’, हे वाक्य परदेशी घर असलेल्या माणसाच्या तोंडी हमखास येतं. त्याला पोर्तुगालच्या एका प्रकरणाने उत्तर दिलं. तिथल्या एका बाईने तब्येतीमुळे गाडी चालवणं सोडलं, गाडी घराच्या आवारात उभी केली आणि विमा काढायचं बंद केलं, पण नोंदणी रद्द केली नाही. २००६ मध्ये तिच्या मुलाने न विचारता ती गाडी बाहेर काढली. अपघातात तो आणि सोबतचे दोघे गेले. विमा नसलेल्या गाड्यांसाठीच्या हमी निधीने भरपाई दिली आणि सुमारे ४ लाख ३७ हजार युरोंच्या वसुलीसाठी आईकडे मोर्चा वळवला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गाडीची नोंदणी कायम असेल आणि ती चालण्याच्या स्थितीत असेल, तर मालकाला ती चालवायची इच्छा असो वा नसो, विमा हवाच. निकाल कठोर आहे. पण जखमी झालेल्याच्या बाजूने पाहिलं तर दुसरा मार्ग दिसत नाही. गाडी कुणाच्या मनात चालवायची होती, हे त्याने कुठून शोधायचं? सुट्टीच्या घराखाली दहा महिने उभ्या असलेल्या गाडीला हा निकाल तंतोतंत लागू पडतो.

मग काय करावं? सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी तिकडेच राहणार असेल, तर ती त्याच देशात नोंदवलेली असावी, हे सरळ उत्तर. जुनी गाडी नेऊन तिची नोंदणी बदलण्यापेक्षा तिथेच एखादी साधी जुनी गाडी विकत घ्यावी, असं मला वाटतं. नोंदणी बदलायची म्हणजे उत्पादकाकडून अनुरूपतेचा दाखला आणा, सीमाशुल्क खात्याची मंजुरी मिळवा, तपासणी करून घ्या. ब्रिटिश गाडीचे हेडलाइट डावीकडच्या रस्त्यासाठी बनवलेले असतात, तेही बदला. स्पेनमध्ये नोंदणीकर गाडीच्या कार्बन उत्सर्जनाप्रमाणे शून्यापासून १४.७५ टक्क्यांपर्यंत लागतो. पंधरा वर्षं जुन्या गाडीसाठी हा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

विकत घेणं त्या मानाने सोपं. स्पेनमध्ये परदेशी माणसाला एनआयई हा ओळखक्रमांक आणि तिथला पत्ता लागतो. फ्रान्समध्ये सुट्टीच्या घराचा पत्ता चालतो, पुराव्याला विजेचं बिल पुरतं. २००९ पासून फ्रान्समध्ये गाडीचा नंबर तिच्याबरोबर आयुष्यभर राहतो आणि खासगी गाडीवर वार्षिक रस्ताकर नाही. जर्मनीत आधी विमा कंपनीकडून ईव्हीबी हा क्रमांक मिळवायचा, मगच नोंदणी कचेरी दार उघडते. मालक जर्मनीत राहत नसेल तर सरकारी पत्रं स्वीकारणारा तिथला कुणीतरी माणूस नेमून द्यावा लागतो. ही जर्मन अट मला आवडते. दंडाची नोटीस रिकाम्या घराच्या पत्रपेटीत सहा महिने पडून राहण्यापेक्षा ते बरं. नो क्लेम बोनस दुसऱ्या देशात नेता येईल का, हे मात्र कंपनीच्या मर्जीवर आहे. फ्रान्समध्ये विना-अपघात तेरा वर्षं झाली की हप्ता मूळ दराच्या निम्म्यावर येतो आणि आधीच्या कंपनीचं लेखी पत्र असेल तर परदेशातली वर्षंही विचारात घेतली जाऊ शकतात. ते पत्र जुनी पॉलिसी बंद करण्याआधीच मागून घ्यावं.

जाता जाता स्वित्झर्लंडचा उल्लेख करायला हवा. तिथे नंबर गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की प्लेट काढून ठेवायची आणि नव्या गाडीला लावायची. दोन गाड्यांना मिळून एकच प्लेटजोडी घेण्याचीही सोय आहे, फक्त एका वेळी एकच रस्त्यावर आणायची. ‘नऊ नंबर’ मिळावा म्हणून आरटीओत पैसे मोजणाऱ्या आपल्या मंडळींना हा देश मानवेल.

प्लेटमागे विमा जातो या तत्त्वाचा गैरफायदाही घेतला जातो. दक्षिण इटलीत, विशेषतः नेपल्समध्ये, गाडीचा विमा फार महाग आहे. म्हणून तिथल्या लोकांनी पोलंड वा बल्गेरियाच्या नंबरच्या गाड्या भाड्याने घेतल्याचं दाखवून त्या देशांतला स्वस्त विमा वापरायला सुरुवात केली. गाडी नेपल्सच्या गल्लीतून बाहेर जात नाही आणि प्लेट पोलंडची. २०१८ मध्ये इटलीने कायदा केला की साठ दिवसांहून जास्त काळ देशात राहणाऱ्याने परदेशी नंबरची गाडी चालवू नये. त्यात खरोखर सीमेपलीकडे नोकरी करणारे लोकही सापडले, तेव्हा २०२२ मध्ये नियम बदलून मुदत तीन महिने केली आणि परदेशी मालकाची गाडी वापरणाऱ्या रहिवाशांसाठी वेगळी नोंदवही उघडली. हप्त्यातली तफावत आहे तोवर ही पळवाट पूर्ण बुजेल असं वाटत नाही.

युरोपबाहेर पडलं की प्लेटवर भरवसा ठेवणारी ही चौकट संपते. मेक्सिकोत अमेरिकन विमा मान्य नसतो. तिथे वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, देशाच्या आत जायचं तर १८० दिवसांचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी गाडीच्या वयाप्रमाणे २०० ते ४०० डॉलर अनामत ठेवावी लागते. दुबईत गाडीच्या नोंदणीपत्राला ‘मुल्किया’ म्हणतात आणि दुबईहून ओमानला निघालेल्या मराठी कुटुंबालाही माहीत असतं की मुल्कियाइतकंच महत्त्व ओमानपुरत्या वाढवलेल्या विम्याच्या कागदाला आहे.

भारतातून गाडी नेणाऱ्यांचं मुख्य हत्यार म्हणजे कार्ने. १९५४ च्या न्यूयॉर्क करारावर आधारलेला हा गाडीचा पासपोर्ट मुंबईत चर्चगेटजवळच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळत आला आहे. ही संस्था १९१९ सालची. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. गाडी देशात शिरताना एक तुकडा जातो, बाहेर पडताना दुसरा आणि तिसरा शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. गाडी ठरल्या वेळेत बाहेर पडली नाही तर तो देश आयातशुल्क मागतो आणि ते संस्थेकडे ठेवलेल्या हमीतून वसूल होतं. म्हणून अनुभवी प्रवासी सीमेवर पासपोर्टपेक्षा कार्नेवरचा बाहेर पडल्याचा शिक्का दोनदा बघतात.

शेजारच्या देशांसाठी आपल्याच पॉलिसीत एक सोय दडलेली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय मोटार टॅरिफमधल्या पहिल्याच जोडकलमानुसार बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका या देशांपर्यंत विमा वाढवता येतो. २००२ च्या टॅरिफमध्ये त्यासाठी पॅकेज पॉलिसीला सरसकट ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये ठरवले होते. हे न करता नेपाळात गेलेल्या गाडीला तिथल्या अपघातात आपली कंपनी हात लावणार नाही. सोनौलीच्या सीमेवर भन्सार, म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क, भरून आत शिरलो की सगळं झालं, हा समज चुकीचा आहे. भन्सार गाडीच्या प्रवेशाचं असतं, विम्याचं नव्हे.

उलट दिशेने येणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये परदेशी खासगी गाड्यांबाबतचे नियम काढले. नोंदणीपत्र, वाहनपरवाना, भारतात लागू होणारा विमा, पीयूसी आणि कागद दुसऱ्या भाषेत असतील तर त्यांचं इंग्रजी भाषांतर एवढं जवळ हवं. स्थानिक प्रवासी किंवा माल वाहता येत नाही. युरोपातून निघालेल्याचं ग्रीन कार्ड इराणपर्यंतच सोबत करतं. भारतासाठी वेगळी पॉलिसी लागते.

आपल्याकडे देशांतर्गत याचीच छोटी आवृत्ती रोज घडते. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. बंगळुरूत एमएच पासिंगची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पोलिसाने हे ऐकवलेलं असतं. फरक एवढाच की राज्य बदललं तरी विमा चालू राहतो. देश बदलला की तोही थांबू शकतो.

शेवटचा प्रश्न कायमचं परत येणाऱ्यांचा. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, ती मुंबई बंदरातूनच आली पाहिजे आणि वर आयातशुल्क. म्युनिक किंवा न्यू जर्सीची गाडी तर डाव्या स्टिअरिंगमुळे पहिल्याच पायरीवर बाद होते. त्यामुळे बहुतेक जण निघण्याच्या आठवड्यात ती घाईने कुणाला तरी विकतात, प्लेटसकट किल्ली हातात देतात आणि विमानतळ गाठतात. घेणाऱ्याने नोंदणी आपल्या नावावर केली नाही, तर त्या देशाच्या दप्तरात मालक म्हणून अजून आपलंच नाव असतं. त्याचे दंड, कर आणि उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली तर येणारी पत्रं आपल्या जुन्या पत्त्यावर जात राहतात. म्हणून किल्ली देण्याआधी विक्रीची नोंद स्वतः करावी किंवा जिथे सोय आहे तिथे नोंदणी बंद करून प्लेट जमा कराव्यात. त्या कचेरीची पावती आणि विमा कंपनीचं पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र हे दोन कागद मात्र हातातल्या बॅगेत ठेवावेत, कार्गोत पाठवू नयेत.